इनासदादाची पितळेची डबी

इनासदादा,

तुझ्या अंत्यविधीच्या मिस्सेत फादर तुला नम्र म्हणाले. "देवाच्या हातातलं एक साधं अवजार," असंही म्हणाले. शेजारी फिलोमिना वहिनी रडत होती म्हणून मी गप्प बसले, नाहीतर बाकावरून उठून बोलले असते. नम्र, आणि तू? चौतीस वर्षं बोईसरच्या कारखान्यात लेथवर उभा राहिलास आणि दुसऱ्याच्या मापावर एकदाही विश्वास ठेवला नाहीस. भाचीच्या लग्नात स्वतःचं ताट सोडून आचाऱ्याशेजारी जाऊन बसलास, भात इतका मोकळा कसा राखला ते विचारायला. आणि अवजार म्हणे! अवजार कुठे संपतं आणि कारागीर कुठे सुरू होतो, हे तुला सांगायची कुणाची टाप होती?

दफनविधी उरकून बाहेर आलो तर फाटकाशी तुझा रामसूरत उभा होता, तुझ्या हाताखाली शिकून आता स्वतः टर्नर झालेला. त्याला आत यावं की नाही ते कळलं नव्हतं. मला बघून हात जोडले आणि म्हणाला, "मशीन तो सबके पास थी, दीदी. हाथ उनका था." फादरांच्या वीस मिनिटांच्या प्रवचनात जे नव्हतं ते त्यानं दोन वाक्यांत सांगितलं, आणि मला तिथं रस्त्यात रडू फुटलं.

आज तुला जाऊन तेवीस दिवस झाले. काल आपल्या चर्चमध्ये आगेरा झाला. तिथं काय घडलं ते तुला सांगायचंच आहे, पण त्याआधी थोडं भांडायचं आहे. आपल्यात हाच क्रम होता.

तुझ्याबरोबर कुठं जायचं म्हणजे शिक्षा होती. पालघरच्या बाजारात मी भाजी घेईपर्यंत तू गजरेवालीसमोर उभा राहायचास आणि मोठ्यानं म्हणायचास, "वा! न बघता ओवते बघ." ती बाई लाजायची, आजूबाजूचे लोक तुझ्याकडे संशयानं बघायचे आणि मी तुझ्या शर्टाची बाही ओढायची. पालघरजवळच्या माहीमला आपण ओळखीच्यांच्या वाडीत गेलो होतो तेव्हा तू चहा घेतलाच नाहीस. एक म्हातारबाबा पानवेल बांधत होते, त्यांच्याकडेच तासभर बघत राहिलास. वेल आवळला जाऊ नये आणि सुटूही नये, एवढाच ताण ते देत होते. परतताना म्हणालास, "मी पितळ धरतो तसा हा बाबा वेल धरतो. आमचा धंदा एकच हाय." म्हातारबाबांनाही ते सांगून आला होतास. त्यांच्या डोळ्यांत आलेलं पाणी मी पाहिलं होतं, पण तुला तसं कधी म्हटलं नाही.

आणि तुझं ते पापनिवेदन! आम्ही सगळे जातो ते रागावलो, खोटं बोललो, मिस्सा चुकवली हे सांगायला. तू एकदा सांगून आलास की उमरोळीच्या एका वेल्डरचं काम बघितलं, इतकं सुबक होतं की जळफळाट झाला, म्हणून काहीच न बोलता निघून आलो. त्या वेळचे म्हातारे फादर हसले होते म्हणे. तू नाही हसलास. मला म्हणालास, "चांगलं काम दिसलं आणि तोंड मिटून बसलो, तर ती चोरीच झाली. त्याच्या हक्काचं होतं ते." दुसऱ्या दिवशी ड्युटी संपल्यावर सायकल मारत उमरोळीला गेलास आणि त्या माणसाला गाठून त्याचं देणं देऊन आलास. तो वेल्डर घाबरला होता, त्याला वाटलं काहीतरी तक्रार आहे.

मी शाळेत मराठी शिकवणारी, तीस वर्षं पोरांच्या चुकांखाली लाल रेघा मारलेली. मला हे सगळं अतीच वाटायचं. मी म्हणायची, दादा, स्तुती करायची ती देवाची. माणसाची केली की गर्व शिरतो, आणि गर्व हे पहिलं पाप. तू म्हणायचास, "पोराचं कौतुक केलं तर आईला राग येतो काय गं? मग देवाला का यावा?" मी दुसरा मुद्दा काढायची. तू म्हणायचास, "तीस वर्षं सुतारकी केली देवाच्या लेकानं आणि तीन वर्षं उपदेश. तुमाला तीनच आठवतात." मग वहिनी आतून ओरडायची, जेवायला या, दोघांचंही खरं आहे. तिला काय, तिला वाढायची घाई असायची.

आता आगेऱ्याचं. आपल्या गावी, वसईपलीकडे, आगेरा म्हणजे काय होतं ते तुला आठवत होतं, मला अर्धवट. नव्या भाताची पहिली पेंडी देवाला द्यायची. बापूस स्वतःच्या शेतातली पेंडी डोक्यावर घ्यायचा, पुढे बँड आणि मागे आपण. पुढे शेत गेलं, आपण इकडे आलो. बोईसरच्या आपल्या चर्चमध्ये केरळचे, तमिळनाडूचे, झारखंडचे आणि आपल्यासारखे वसईकडचे असे सगळे कारखान्यांतले लोक. कुणाकडे वाफाभर जमीन नाही. तरी ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा हवाच. मग समितीनं रीत पाडली की मासवणकडून लवकर पिकणाऱ्या हळव्या भाताच्या पेंड्या विकत आणायच्या, रिबिनी बांधायच्या आणि आपलं पीक म्हणून वेदीवर न्यायच्या. इतकी वर्षं आम्ही ते केलं आणि कुणालाही त्यात काही खटकलं नाही. वेदीच्या सजावटीचं काम माझ्याकडे, म्हणजे त्या रिबिनी मीच बांधत होते.

पाच वर्षांपूर्वी टेंपोबरोबर तू आलास मासवणला. तिथं लाडकी भेटली, डोंगराच्या उताराला तिचा तुकडा, पावसावर पिकणारा. ती पेंडी बांधत होती. दोरी नाही, गाठ नाही, त्याच भाताच्या चार काड्या घेऊन पिळायच्या आणि शेवटी अंगठ्यानं आत खोचायच्या. पेंडी फेकली तरी सुटत नव्हती. तू खालीच बसलास. दहा वेळा प्रयत्न केलास आणि दहाही वेळा ती तुझ्या हातात विस्कटली. केसाच्या जाडीचा फरक बोटांनी ओळखणारा माणूस तू, आणि चार काड्यांपुढे हरलास. तुला इतका आनंद झालेला मी क्वचित पाहिला होता. लाडकी पदर तोंडाला लावून हसत होती.

टेंपोत बसल्या बसल्या सुरू झालास. "पेरलं तिनं, कापलं तिनं, बांधलं तिनं. आणि देवाला देणार आपण? तिचं नाव तरी घेतो काय आपण?" मी म्हटलं, ती आपल्यातली नाही. तू म्हणालास, "आणि पेंडी आपल्यातली हाय?" पालघरपर्यंत मी खिडकीबाहेर बघत बसले.

दोन वर्षं तू समितीच्या मागे लागलास. लाडकीचं नाव घ्या, आणि ज्याचं जे पीक असेल ते त्यानं आणावं. शिंप्यानं सदरा आणावा, नर्सबाईनं तिची टोपी ठेवावी. अध्यक्ष बेंजामिनभाऊ म्हणाले, उद्या कुणी गॅरेजमधून टायर आणेल. तू म्हणालास, आणू दे. सगळे हसले, आणि विषय संपला असं आम्हाला वाटलं.

तिसऱ्या वर्षी तू डबी आणलीस.

मुठीत मावेल एवढी पितळेची डबी. साहेबांना विचारून, उरलेल्या दांड्याच्या तुकड्यातून, ड्युटीनंतर थांबून केलेली. मिस्सेच्या आधी घाईघाईत मला दाखवलीस. झाकण वर ठेवलंस आणि हात काढलास. झाकण पडलं नाही, अडकलंही नाही. आपलं आपण, हळूहळू खाली उतरू लागलं. आतली हवा निघायला जागाच नाही इतकं ते नेमकं होतं, एवढीशी फट शोधत ती निघत होती. मी मनात नमो मारिया म्हणायला लागले, उगाच, आणि प्रार्थना संपायला आणि झाकण टेकायला एकच गाठ पडली. शेवटी अगदी बारीक आवाज आला, झोपलेलं मूल कूस बदलताना उसासा सोडतं तसा. तू म्हणालास, "बघ, श्वास सोडते. हे माझं पीक." आणि पेंड्यांच्या ताटात डबी ठेवून बाकावर जाऊन बसलास.

बेंजामिनभाऊ माझ्याकडे आले. "ताई, भाऊ तुमचा. तुम्हीच बघा काय ते." लोक हसतील, एवढंच माझ्या डोक्यात आलं. मी ताटातून डबी उचलली आणि पर्समध्ये टाकली.

अर्पणाच्या वेळी ताट तुझ्या बाकावरून गेलं. तू ताटाकडे बघितलंस, मग माझ्याकडे. मग मान खाली घालून गाणं म्हणायला लागलास, नेहमीसारखंच बेसूर, पण नेहमीपेक्षा मोठ्यानं. मिस्सा संपल्यावर पायऱ्यांवर मला गाठलंस.

"काढलीस?"

"काढली. ते धान्याचं ताट होतं, दादा."

"मग माझं धान्य कुठलं? मी काय पेरतो इतकी वर्षं?"

"हा तुझा गर्व बोलतोय."

"बापूस पेंडी डोक्यावर घ्यायचा तेव्हा मान वर करून चालायचा. त्याला कोण बोललं गर्विष्ठ?"

मी पर्स काखेत घट्ट धरली. म्हटलं, मला उशीर होतोय. पुढची तीन वर्षं तू दर सप्टेंबरात मला फोनवर विचारायचास, "या साली?" आणि मी म्हणायची, "नियम आहे." मग आपण दोघं हवापाण्याचं बोलायचो.

आता जे तुला ठाऊक नाही ते ऐक. डबी माझ्या कपाटात होती, साड्यांच्या खाली. दुपारी सगळं आवरलं की मी दार लावून ती काढायची, झाकण ठेवायची आणि बघत बसायची. कधी तीनदा, कधी चारदा. तीन वर्षं मी तुझं कौतुक केलं, दादा, पण एकटीनं आणि दाराला कडी घालून. ज्या पापासाठी तू सायकल मारत उमरोळीला गेलास, ते मी रोज करत होते.

गेल्या महिन्यात इस्पितळात तुझ्या हाताला सुई लावायची होती. दोन नर्सना शीर सापडली नाही. तिसरी आली, मुलगीच होती, तिला पहिल्याच टोचणीत सापडली. तुला बोलायला धाप लागत होती तरी तू बोललास, "पोरी, हात हाय तुझा." ती पोरगी दिवसभर तुझ्या खाटेजवळून हसत जात होती. मग तू माझ्याकडे वळलास.

"माझी डबी कुठं हाय गं?"

आणि मी, तुझी सख्खी बहीण, देवाधर्माची, समितीची, तुला म्हणाले, "मला काय माहीत? सजावटीच्या सामानात कुठेतरी हरवली असेल." खरं बोलले असते तर तीन वर्षं मी चुकले हे कबूल करावं लागलं असतं. तू "बरं" म्हणालास आणि डोळे मिटलेस. चौथ्या दिवशी तू गेलास.

मी पापनिवेदनाला गेले. फादरांना सांगितलं, चांगलं काम बघितलं आणि गप्प बसले, आणि मरणाऱ्या माणसाशी खोटं बोलले. हे फादर तरुण आहेत, त्यांनी मऊ आवाजात मला तीन नमो मारिया सांगितल्या. मी घरी जाऊन म्हटल्या. पण तीन नमो मारियांत भागणारं हे नव्हतं, दादा. मग मी समितीच्या बैठकीला गेले.

बेंजामिनभाऊ फार चांगलं बोलले. तुमच्या दुःखाचा आम्हाला आदर आहे, पण परंपरा ती परंपरा. मी म्हटलं, "विकत आणलेल्या पेंडीला रिबीन बांधायची कुठली परंपरा? मी विचारायला आले नाही, सांगायला आले आहे." खुर्ची सरकवली आणि निघाले. मागून कुणीतरी म्हणालं, भावासारखीच आहे. आयुष्यात मला इतकं चांगलं प्रशस्तिपत्र मिळालं नव्हतं.

परवा मासवणला गेले. लाडकी कापणीत होती. मला ओळखलं नाही, पण मी तुझ्याबद्दल सांगितलं तसा तिचा विळा थांबला.

"तो? गाठ शिकाया बसलेला तो?"

"तोच. गेला."

तिनं विळा बांधावर ठेवला. मग विचारलं, "जमली का गं त्याला मंग?"

"नाही जमली."

"नाय जमली," ती स्वतःशीच म्हणाली, आणि खाली बसून चार काड्या पिळायला लागली. मी तिला म्हटलं, तूच ये चर्चला, तुझ्या हातानं दे. ती म्हणाली, "मी कशाला येव? माजा देव हितं हाय, आन कापणी पडली हाय." पेंडी माझ्या हातात दिली. "पन कोनी बांदली ते सांग त्यांना. नाव सांग माजं."

काल मी पेंडीला रिबीन लावली नाही. ताटात ती पेंडी आणि शेजारी डबी. दारात अर्पणाची रांग लागली तेव्हा बेंजामिनभाऊंचा हात ताटाकडे आला. त्या हातात मला माझाच हात दिसला. मी म्हटलं, "भाऊ, एकदा मी काढली. आता कुणी काढायची नाही." हे मी कुजबुजत म्हटलं नाही. त्यांनी हात मागे घेतला.

मधल्या वाटेनं मी मान वर करून चालले, बापसासारखी. वेदीसमोर ताट फादरांच्या हातात देताना मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "ही पेंडी मासवणच्या लाडकीनं पेरली, कापली आणि बांधली. ही डबी माझ्या भावानं केली. इनास, टर्नर. देवानं हात दिले असतील, फादर, पण राबवले त्यानं."

गाणारे थांबले. फादरांनी डबी उचलली, काय करावं ते न सुचून झाकण काढलं, आत बघितलं आणि परत वर ठेवलं. झाकण अर्थातच वरच राहिलं. त्यांना वाटलं नीट बसलं नाही, ते अंगठ्यानं दाबायला गेले.

"दाबू नका, फादर," मी म्हटलं. "थांबा. ते आपलं आपण उतरतं."

आणि ते थांबले. बेंजामिनभाऊ थांबले. मागच्या बाकावरचे लोक उभे राहून बघायला लागले, वहिनीनं रडायचं थांबवून मान उंच केली. दाराशी रामसूरत होता, मीच बोलावलं होतं त्याला, या वेळी तो आत आला होता. मी मनात नमो मारिया म्हणत होते आणि झाकण उतरत होतं, एवढ्या माणसांसमोर, अजिबात घाई न करता. शेवटी डबीनं श्वास सोडला. पहिल्या बाकावरची एक लहान मुलगी मोठ्यानं म्हणाली, "वा!" तिला कुणी गप्प केलं नाही.

तू विचारलं होतंस ना, डबी कुठं आहे? वेदीवर आहे, दादा.